अवयवदानाची नोंदणी: अर्जापासून घरच्यांना सांगण्यापर्यंत

काकांचं नेत्रदानाचं कार्ड आम्हाला त्यांच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी सापडलं. बँकेचं पासबुक शोधत होतो. लोखंडी कपाटाच्या खणात विम्याच्या पावत्यांखाली, प्लॅस्टिकच्या पाकिटात ते जपून ठेवलेलं होतं. मागे साक्षीदार म्हणून एका मित्राची सही. ते मित्रही तोवर हयात नव्हते. काका झोपेतच गेले होते. पहाटे कळलं, दुपारी अंत्यविधी झाला. मधल्या सात-आठ तासांत घरात वीसेक माणसं होती. नेत्रदानाला त्यातल्या एकानंही नाही म्हटलं नसतं, पण काकांची तशी इच्छा आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मी स्वतःची, नवऱ्याची आणि आईची नोंदणी केली. पुढे आई गेली तेव्हा तिचं नेत्रदान आम्ही वेळेत करू शकलो. या दोन्ही अनुभवांतून जे समजलं ते इथे क्रमानं लिहिते आहे. अर्ज भरायला दहा मिनिटं लागतात. खरं काम त्यानंतरचं आहे, म्हणून पाचवा आणि सातवा मुद्दा घाईत सोडू नका.

१. नेमकं कशाचं दान करायचंय ते आधी समजून घ्या

नेत्रदान, अवयवदान आणि देहदान हे तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. तिन्हींची व्यवस्था मात्र वेगळी आहे.

अवयवदान म्हणजे हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं, स्वादुपिंड, आतडी. मृत्यूनंतर हे अवयव देता येतात ते जवळजवळ नेहमी मेंदूमृत्यू (ब्रेन डेड, सविस्तर आठव्या मुद्द्यात) झालेल्या व्यक्तीचेच. ती व्यक्ती रुग्णालयात, व्हेंटिलेटरवर असावी लागते. घरी मृत्यू झाला की रक्ताभिसरण थांबतं आणि हे अवयव वापरता येत नाहीत. कार्ड आहे म्हणजे घरी मृत्यू झाल्यावरही मूत्रपिंड देता येईल, असा अनेकांचा समज असतो आणि ऐनवेळी त्यांची निराशा होते.

ऊतीदान म्हणजे डोळ्यांचं पारपटल (बुबुळावरचा पारदर्शक पडदा), त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा. यातले डोळे आणि त्वचा घरी नैसर्गिक मृत्यू झाल्यावरही देता येतात. बहुतेकांच्या बाबतीत प्रत्यक्षात हेच शक्य होतं, त्यामुळे याला कमी लेखू नका.

देहदान वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे होतं, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी. त्याचा अर्ज वेगळा, महाविद्यालयातच मिळतो. नेत्रदान करून देहदान करता येतं. पण अवयव काढल्यावर किंवा शवविच्छेदन झाल्यावर महाविद्यालयं साधारणपणे देह स्वीकारत नाहीत. दोन्ही इच्छा असतील तर घरच्यांना सांगून ठेवा: अवयवदान शक्य झालं तर ते आधी, नाही तर नेत्रदान आणि देहदान.

आणखी एक. ही नोंदणी फक्त मृत्यूनंतरच्या दानाची आहे. जिवंतपणी आपल्या माणसाला मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग देण्याची प्रक्रिया पूर्ण निराळी आहे, तिचा या अर्जाशी संबंध नाही.

२. काय काय जवळ हवं

- आधार कार्ड, आणि आधारला जोडलेला मोबाइल सुरू हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो
- आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) असल्यास तो
- रक्तगट (माहीत नसेल तर आधी तपासून घ्या)
- तातडीच्या वेळी संपर्क करायच्या नातेवाइकाचं नाव आणि नंबर
- कागदी अर्ज भरणार असाल तर दोन साक्षीदार, त्यातला किमान एक जवळचा नातेवाईक

वय १८ पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही. आईचं नाव नोंदवलं तेव्हा ती ७१ वर्षांची होती, मधुमेह होता, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. "माझं आता काय कामाचं?" असं ती म्हणाली होती. काय कामाचं आणि काय नाही हे डॉक्टर त्या वेळी तपासून ठरवतात. ते आपण आज घरी बसून ठरवायचं नसतं. चष्मा, मोतीबिंदू, मधुमेह, रक्तदाब यांनी नेत्रदान अडत नाही. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज, रक्ताचा कर्करोग अशा आजारांत मात्र दान स्वीकारलं जात नाही.

नोंदणीला एक पैसाही लागत नाही. कुणी शुल्क मागितलं तर तिथून निघा.

३. ऑनलाइन नोंदणी

देशपातळीवर हे काम राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटना म्हणजे नोट्टो पाहते. तिचं आधारवर चालणारं संकेतस्थळ सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालं. पत्ता असा: नोट्टो डॉट एबीडीएम डॉट जीओव्ही डॉट इन. ब्राउझरमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका, आणि शेवट सरकारी पत्त्याचाच आहे ना ते पाहून घ्या.

तिथे प्रतिज्ञा नोंदवण्याचा पर्याय निवडून आधार किंवा आभा क्रमांक द्या, आलेला ओटीपी टाका. उरलेली माहिती भरा, कोणते अवयव आणि ऊती द्यायच्या त्यावर खूण करा आणि अर्ज सादर करा. नोंदणी झाली की प्रमाणपत्र उतरवून घेता येतं. ते लगेच उतरवा, छापा, आणि फोटो काढून घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. नंतर करू म्हटलं की राहून जातं.

आमचं घोडं अडलं ते आईच्या ओटीपीवर. तिच्या आधारला जोडलेला नंबर बाबांच्या जुन्या सिमचा होता आणि ते सिम बाबा गेल्यावर बंद झालं होतं. घरातल्या ज्येष्ठांची नोंदणी करायला बसण्याआधी हे तपासा. नंबर बदलायला साधारणपणे आधार केंद्रावर जावं लागतं. ते जमणार नसेल तर पुढचा मार्ग धरा. आम्ही तोच धरला.

४. कागदी अर्ज: नमुना ७

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ऊतींचाही समावेश झाला, आणि २०१४ च्या नियमांत अर्जांचे नमुने ठरवून दिले. प्रतिज्ञेचा अर्ज म्हणजे नमुना ७. अवयव प्रत्यारोपण होणाऱ्या रुग्णालयात समन्वयक असतात, ज्यांना सगळे को-ऑर्डिनेटर म्हणतात. त्यांच्याकडे हा अर्ज मिळतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, ती झेडटीसीसी या नावानं ओळखली जातात. रोट्टो-सोट्टो हे प्रादेशिक आणि राज्य कार्यालय मुंबईत केईएम रुग्णालयात आहे. अर्ज कुठे मिळेल, कुठे द्यायचा हे कळत नसेल तर नोट्टोची निःशुल्क हेल्पलाइन आहे: १८०० ११ ४७७०.

अर्ज पानभराचा आहे. नाव, वडिलांचं किंवा जोडीदाराचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, पत्ता. मग अवयवांची आणि ऊतींची यादी. त्यात 'सर्व अवयव' आणि 'सर्व ऊती' असेही पर्याय असतात. काही द्यायचं नसेल तर तेवढं सोडून बाकीच्यांवर खूण करा. चेहऱ्याची ओढ म्हणून डोळे नकोत असं काहींना वाटतं, तर काहींना फक्त डोळेच द्यायचे असतात. दोन्ही चालतं.

साक्षीदार मात्र विचार करून निवडा. काकांनी मित्राची सही घेतली होती. दोघांपैकी एक जवळचा नातेवाईक हवा हा नियम अनेकांना कागदी अडचण वाटते. माझ्या मते या पानावरची सगळ्यात उपयोगी ओळ तीच आहे. जो सही करतो त्याला ही इच्छा माहीत होतेच. शक्य असेल तर दोन्ही साक्षीदार घरचेच घ्या, आणि त्यातला एक तुमच्यापेक्षा लहान असू द्या.

भरलेल्या अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवायला विसरू नका.

वाहन परवान्याच्या अर्जातही अपघाती मृत्यू झाल्यास अवयवदानाची इच्छा आहे का, असा प्रश्न असतो. तिथे हो म्हणा, पण तेवढ्यावर थांबू नका. नोट्टोची नोंदणी स्वतंत्रपणे कराच.

५. घरच्यांना सांगा: हीच खरी नोंदणी

तुमच्या लेखी इच्छेला कायद्यात स्थान आहे. पण त्या घडीला समन्वयक जवळच्या नातेवाइकांपुढे संमतीचा अर्ज ठेवतात, तो नमुना ८. जोडीदार, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी-आजोबा, नातवंडं ही कायद्यानं जवळची नाती. त्यांनी नकार दिला तर कार्ड खिशात असूनही दान होत नाही. उलट, कार्ड नसलं तरी घरचे हो म्हणाले तर दान होऊ शकतं.

म्हणून सांगा. आणि फक्त जोडीदाराला सांगून भागत नाही. त्या क्षणी जोडीदाराला बोलताही येत नसतं. आपल्या घरांत अशा वेळी सूत्रं दुसराच कुणी हातात घेतो: थोरले दीर, मेहुणा, जवळचा चुलतभाऊ. तुमच्या घरात तो कोण, हे तुम्हाला आत्ता वाचतानाच कळलं असेल. त्याला फोन करा.

कसं सांगायचं हा प्रश्न मलाही पडला होता. जेवायला बसल्यावर मरणाची गोष्ट काढली तर "भलतंसलतं बोलू नकोस" हेच ऐकू येतं. मी आईकडे अर्ज घेऊन गेले आणि म्हटलं, "मला साक्षीदार हवाय, सही कर." तिनं चष्मा लावून अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "दुसरा अर्ज आणलायस का?" आणलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तुम्ही जाताना दोन-तीन कोरे अर्ज घेऊनच जा.

काही प्रश्न हमखास येतील. चेहरा विद्रूप होतो का? नाही. डोळे काढल्यावर पापण्या नीट मिटवलेल्या असतात, अवयव काढल्यावर शस्त्रक्रियेसारखेच टाके घातलेले असतात, अंत्यदर्शन नेहमीसारखं घेता येतं. कुणाला मिळणार ते कळेल का? नाही, घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं नाव एकमेकांना सांगत नाहीत. खर्च कुणी करायचा? संमती दिल्यानंतर अवयव टिकवण्याचा आणि काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकायचा नाही, असा नियम आहे. त्याआधीच्या उपचारांचं बिल मात्र असतंच. त्यामुळे संमती किती वाजता दिली ते लिहून ठेवायला सांगा.

कुणी विरोध केला तर वाद घालू नका. माझ्या थोरल्या भावाला हे अजिबात पसंत नव्हतं. पुढच्या जन्मी दृष्टी नसेल, अशी त्याला भीती. आईनं त्याला एवढंच सांगितलं, "जाळून टाकलेले डोळे तरी कुठे बरोबर येतात?" तो गप्प झाला. पटलं नव्हतं, पण आईची इच्छा त्यानं तिच्या तोंडून ऐकली होती, आणि आई गेली त्या रात्री नेत्रपेढीला फोन त्यानंच लावला.

६. कार्ड दिसेल असं ठेवा

कपाटाच्या खणात नको. एक प्रत पाकिटात, वाहन परवान्याशेजारी. एक मोबाइलमध्ये. आणि घरात एका ठरलेल्या जागी एक कागद: त्यावर जवळच्या नेत्रपेढीचा, त्वचापेढी असल्यास तिचा, फॅमिली डॉक्टरांचा आणि विभागीय समन्वय केंद्राचा नंबर, मोठ्या अक्षरांत. आमच्याकडे तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

७. घरी मृत्यू झाला तर: पहिले सहा तास

डोळे आणि त्वचा मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावी लागते. हे तास रडण्यात, फोनाफोनीत, गावाहून येणाऱ्यांची वाट पाहण्यात कसे जातात ते कळतही नाही. क्रम असा ठेवा.

आधी डॉक्टरांना बोलवा. मृत्यूचं आणि त्याच्या कारणाचं प्रमाणपत्र नसेल तर नेत्रपेढीचे लोक पुढे काही करू शकत नाहीत. रात्रीबेरात्री घरी येऊन प्रमाणपत्र देणारे डॉक्टर मिळणं हीच मोठी अडचण असते. आमचे पाऊण तास त्यातच गेले. हे आधीच विचारून ठेवा.

डॉक्टर यायची वाट न बघता लगेच नेत्रपेढीला फोन करा. त्यांना यायला वेळ लागतो.

तोवर पंखा बंद करा, कारण वाऱ्यानं पारपटल सुकतं. एसी असेल तर चालू ठेवा. पापण्या हलकेच मिटवा, त्यावर स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या घड्या ठेवा. डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं वर ठेवा. दर थोड्या वेळानं कापूस ओला करण्याचं काम एका माणसाकडे सोपवा. आमच्याकडे ते माझ्या पुतणीनं केलं.

नेत्रपेढीचे दोघं आले. त्यांनी खोलीत फक्त एक टेबल आणि चांगला उजेड मागितला. संमतीपत्रावर माझी सही, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. तपासणीसाठी थोडं रक्त घेतलं. दार लोटून घेतलं आणि वीसेक मिनिटांत बाहेर आले. आत गेले तेव्हा आई जशी होती तशीच दिसत होती, पदरसुद्धा नीट सारखा केलेला होता. माझ्या भावानं सगळ्यात आधी तेच पाहिलं.

त्वचादान सगळीकडे शक्य नसतं, कारण त्वचापेढ्या मोजक्या शहरांतच आहेत. पाठ, मांड्या, पाय इथली अगदी वरची पातळ थराची त्वचा काढतात, रक्तस्राव होत नाही. ती काही वर्षं टिकवता येते आणि भाजलेल्या रुग्णांना वापरतात.

८. रुग्णालयात 'ब्रेन डेड' सांगितलं तर

अवयवदानाचा प्रश्न इथे येतो. बहुतेक वेळा डोक्याला जबर मार किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. माणूस आयसीयूत असतो, व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होत असते, हात गरम लागतो, मॉनिटरवर ठोके दिसत असतात. अशा वेळी 'मृत्यू' हा शब्द पटत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. म्हणून फरक आज समजून घ्या. कोमात मेंदूचं काही काम सुरू असतं, माणूस परत येऊ शकतो. मेंदूस्तंभ (मेंदूचा खालचा, देठासारखा भाग) मृत झाला की श्वास घेण्याची आज्ञा देणारं केंद्रच उरत नाही. तिथून कुणी परत येत नाही, आणि कायद्यानं तो मृत्यूच आहे.

हा निर्णय एक डॉक्टर देत नाही. चार डॉक्टरांचं मंडळ तपासण्या करतं, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा. त्यात व्हेंटिलेटर काढून रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का हेही पाहतात. प्रत्यारोपण करणारे सर्जन या मंडळात नसतात. 'कार्ड पाहून डॉक्टर वाचवायचा प्रयत्नच करणार नाहीत' ही भीती मला अनेकांनी बोलून दाखवली आहे. तिचं उत्तर या रचनेतच आहे: उपचार करणारे आणि प्रत्यारोपण करणारे वेगळे, मृत्यू ठरवणारं मंडळ नियमानं बांधलेलं, आणि अवयव कुणाला जाणार ते समन्वय केंद्र प्रतीक्षायादीवरून ठरवतं.

घरच्यांनी काय करायचं? समन्वयकांनी विचारण्याची वाट पाहू नका. "त्यांची अवयवदानाची इच्छा होती, को-ऑर्डिनेटरना बोलवा," असं स्वतःहून सांगा. त्या रुग्णालयात प्रत्यारोपण होत नसेल तरी झेडटीसीसीला फोन करून विचारा. अपघाताची केस असेल तर पोलिसांची परवानगी आणि शवविच्छेदन हे दोन्ही लागतं, पण म्हणून दान थांबत नाही. संमतीनंतरही बराच वेळ जातो. तपासण्या, यादीतल्या रुग्णांना बोलावणं, पथकं येणं. नातेवाइकांना अंत्यविधीची वेळ लगेच कळवून टाकू नका. घाई असते ती अवयव काढल्यानंतर: हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्या शरीरात बसवावं लागतं, मूत्रपिंडं चोवीस तास किंवा थोडी जास्त टिकतात. रस्ते मोकळे करून ग्रीन कॉरिडॉर करतात ते यासाठीच.

९. इथे सावध राहा

अवयवाच्या बदल्यात पैसे देऊ करणाऱ्या जाहिराती आणि मेसेज फिरत असतात. अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड अशी आहे. अशा ठिकाणी नाव, रक्तगट, आधार काहीही देऊ नका. नोंदणीसाठी फोन करून ओटीपी विचारणाऱ्यालाही नाही.

शिबिरात भरलेला अर्ज पुढे नोंदला गेला का ते कुणी बघत नाही. नोंदणी क्रमांक हाती आला नसेल तर नोंदणी झाली असं धरू नका. ऑनलाइन पुन्हा करा.

१०. विचार बदलला किंवा पत्ता बदलला तर

प्रतिज्ञा कधीही मागे घेता येते, कारण द्यावं लागत नाही. जिथे नोंदणी केली तिथे कळवा आणि घरच्यांनाही सांगा. लग्न झालं, मुलं मोठी झाली, साक्षीदार वारला, तर कुणाकुणाला माहीत आहे ते पुन्हा एकदा पाहा.

मी यासाठी ३ ऑगस्ट ही तारीख धरली आहे. १९९४ मध्ये याच दिवशी दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण झालं, आणि आता तो भारतीय अवयवदान दिन आहे. त्या दिवशी कपाटाच्या दारावरच्या कागदावरचा एकेक नंबर लावून बघते. गेल्या वर्षी नेत्रपेढीचा लँडलाइन बंद लागला. शोधून नवा मिळवला, जुना खोडून त्याखाली मार्करनं लिहिला, आणि कागदाचा फोटो भावाला पाठवला.